'कोवलम'ला १६ बाइट लागतात

चेन्नईहून महाबलीपुरमकडे निघालं की ईस्ट कोस्ट रोडवर कोवलम हे कोळ्यांचं गाव लागतं. समजा, किनाऱ्यांची यादी ठेवणारा प्रोग्राम आपण सी भाषेत लिहितो आहोत आणि यादीतलं पहिलं नाव हेच आहे. त्यासाठी मेमरी किती मागायची?

डोळ्यांना अक्षरं चार दिसतात. सी मात्र बाइट मोजते; बाइट म्हणजे मेमरीतला एक छोटा कप्पा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि 'को'मधला ओकार हे वेगळं चिन्ह धरलं जातं. चिन्हं झाली ५, बाइट १५. रोमन लिपीत हेच नाव ७ बाइटांत बसतं. म्हणून इंग्रजी नावांवर नीट चाललेला प्रोग्राम मराठी नावावर अडखळतो.

आता शेवटचा बाइट. स्ट्रिंग, म्हणजे ओळीने ठेवलेला मजकूर, कुठे संपते हे सीला शेवटच्या शून्य बाइटवरून कळतं. लांबी सांगणारं 'स्ट्रलेन' हे फंक्शन तो शून्य धरत नाही. तेव्हा त्याच्या उत्तरात १ मिळवून 'मॅलॉक'कडे १६ बाइट मागायचे. 'साइझऑफ'ला पॉइंटर देऊन लांबी काढू नये. पॉइंटर म्हणजे फक्त पत्ता. ६४-बिट संगणकावर उत्तर बहुधा ८च येईल, नाव कितीही लांब असो.

तो १ विसरण्याची चूक फार छळते, कारण ती लगेच दिसत नाही. मॅलॉक बरेचदा मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा देतं, त्यामुळे १५ मागूनही प्रोग्राम महिनोन्‌महिने चालतो. मग एखाद्या लांब नावाला शून्य शेजारच्या कप्प्यात पडतो आणि बिघाड भलतीकडेच उमटतो. वालग्राइंड हे तपासणीचं साधन तो नेमका पकडतं. शिकतानाच ते वापरायची सवय लावून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

मॅलॉकने 'नल' दिलं, तर जागा मिळाली नाही असं समजून तिथेच थांबावं. जागा मिळाली की नाव 'स्ट्रकॉपी'ने उतरवायचं. नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलं तर पत्ता बदलतो आणि मिळालेली जागा हातची जाते.

पुढे ', चेन्नई' जोडायचं असेल, तर आणखी २० बाइट हवेत, शून्य धरून एकूण ३६. हे पूर्ण ३६ 'रिअॅलॉक'कडे मागावेत. त्याचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यावं. नल आलं तर जुना पत्ता तरी हाती राहतो.

काम संपलं की 'फ्री', एकदाच. त्यानंतर त्या पॉइंटरमध्ये नल भरून ठेवावं.