सनस्क्रीन: ट्यूबवरचा आकडा आणि बोटावरचं माप

आजच्या भागात आपण रोज चेहऱ्याला लावायच्या सनस्क्रीनबद्दल बोलणार आहोत. तुम्ही दिल्लीत राहत असा, बंगळुरूत, इंदूरला की बडोद्याला, दुकानातला प्रश्न सगळीकडे सारखाच असतो. समोर दहा ट्यूब, प्रत्येकीवर वेगळा आकडा, किमतीत तिप्पट-चौपट फरक. मग मला विचारलं जातं, "ताई, यातलं चांगलं कुठलं?" माझं उत्तर आधीच सांगून टाकते. जे तुम्ही हात आखडता न घेता रोज पुरेसं लावू शकाल, ते चांगलं. आता त्यामागची कारणं बघू.

आकडा काय सांगतो

उन्हातले दोन प्रकारचे अतिनील किरण आपल्या त्वचेपर्यंत पोचतात. यूव्हीबी किरण वरच्या थरात थांबतात आणि त्वचा भाजतात, लाल करतात. यूव्हीए किरण खोलवर जातात. रंग काळवंडणं, डाग गडद होणं, अकाली सुरकुत्या पडणं यांत त्यांचा मोठा वाटा असतो. ते ढगांतून येतात आणि साध्या काचेतूनही येतात.

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे १५ वरून ३० वर जाण्यात चांगला फायदा आहे. ५० च्या पुढे आकडा वाढतो, पण पदरात फारसं पडत नाही. यूव्हीएसाठी 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघायची. ही जपानमध्ये सुरू झालेली पद्धत आहे. एक अधिक म्हणजे सगळ्यात कमी संरक्षण, चार अधिक म्हणजे सगळ्यात जास्त. पीए नसेल, तर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द तरी हवेतच.

आपल्या त्वचेचं वेगळेपण

आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा गव्हाळ ते सावळी. तिच्यात मेलॅनिन जास्त, म्हणून आपण गोऱ्या कातडीच्या लोकांसारखे पटकन लालबुंद होत नाही. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाणही आपल्याकडे बरंच कमी आहे. "मग आपल्याला हे लागतंच कशाला?" असं वाटतं ते त्यामुळेच.

पण मेलॅनिन बनवणाऱ्या आपल्या पेशी चटकन चाळवतात. मुरूम बरा होतो, त्याचा डाग मात्र महिनोन्महिने राहतो. गरोदरपणात किंवा त्यानंतर गालांवर वांग येतात आणि दर उन्हाळ्यात गडद होतात. वांगावर उपचार घ्यायचे आणि सनस्क्रीन लावायचं नाही, म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे. पैसे जातात, डाग तिथेच.

आणखी एक गोष्ट. सावळ्या त्वचेवर केवळ अतिनील किरणांनीच नाही, तर उन्हातल्या दिसणाऱ्या प्रकाशानेही, विशेषतः त्यातल्या निळ्या-जांभळ्या भागाने, डाग गडद होतात. साधं सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं 'टिंटेड' सनस्क्रीन तो बऱ्यापैकी अडवतं. वांग असतील तर ट्यूबच्या मागची घटकांची यादी वाचा आणि हे नाव शोधा.

खरी गोम मापात

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. आपण घरी सहसा त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतो. थर पातळ झाला की संरक्षण झपाट्याने उतरतं. ५० आकड्याची ट्यूब वाटाण्याएवढी लावली, तर चेहऱ्यावर ५० मिळत नाही. त्याच्या जवळपासही नाही.

हिशेब करू. चेहरा, कान आणि मानेचा पुढचा भाग धरला, तर एका वेळी साधारण सव्वा ते दीड ग्रॅम लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब, दिवसातून एकदाच लावली, तरी एका माणसाला महिना-सव्वा महिनाच पुरायला हवी. तुमची ट्यूब चार महिने चालते का? एकाच ट्यूबमध्ये घरातले तिघं आहेत का? मग तुम्ही लावताय ते सनस्क्रीनच्या नावाचं मॉइश्चरायझर आहे.

रोजच्या मापाला सोपी खूण म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत, एकेक रेघ. ट्यूबचं तोंड बारीक असेल तर रेघ जरा जाड ओढा. एकदम चोपडलं तर चिकट वाटतं, म्हणून मी एक रेघ आधी लावते, दोन मिनिटं थांबते आणि मग दुसरी. कान, कपाळावरची केसांची कड आणि जबड्याखालची जागा हमखास सुटते.

म्हणूनच किमतीबद्दल मी एवढं बोलते. हजार रुपयांची ट्यूब आणली की आपण ती अत्तरासारखी जपून वापरतो. त्यापेक्षा तीनशेची, एसपीएफ ३० ते ५० आणि पीएचे तीन-चार अधिक असलेली ट्यूब पोटभर लावणं कधीही बरं.

आपल्यासाठी कुठलं

तेलकट किंवा मुरमांची त्वचा असेल तर जेल किंवा पातळ लोशन घ्या. कोरडी असेल तर क्रीम. चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत जे टिकतं, ते दिल्लीच्या जानेवारीत कोरडं पडेल, तेव्हा ऋतूप्रमाणे बदलायला हरकत नाही. त्वचा नाजूक असेल, चुरचुरत असेल, तर झिंक ऑक्साइडचं घ्या. त्याने चेहरा पांढरट दिसतो ही तक्रार खरी आहे. टिंटेड घेतलं तर ती बरीच कमी होते. नवीन ट्यूब आणल्यावर तीन-चार दिवस कानामागे थोडं लावून बघा, मगच चेहऱ्याला.

दिवसभरात कसं

सकाळी तोंड धुवा, हवं तर मॉइश्चरायझर लावा, मग सनस्क्रीन. मेकअप त्यानंतर. बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं लावलेलं बरं. दिवसभर उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला की लगेच. ऑफिसात खिडकीपासून दूर बसत असाल तर सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर निघताना एकदा पुरतं. गाडीची पुढची काच यूव्हीए बरंच अडवते, बाजूच्या काचा मात्र तेवढं अडवत नाहीत. रोज कॅबने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मोबाईलवरच्या हवामानात यूव्ही निर्देशांक दिसतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण हवं. बंगळुरूची हवा थंड म्हणून ऊन सौम्य, असं नसतं. लेहला तर साडेतीन हजार मीटरवर थंडी वाजते आणि चेहरा भाजतोही. ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने ती खराब होते.

काय अपेक्षा ठेवू नये

सनस्क्रीनने कोणी गोरं होत नाही, आणि त्याची गरजही नाही. ते नवे डाग कमी पडू देतं आणि जुन्यांना फिकं व्हायला वेळ देतं. वांग जात नसतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ओळखीच्या मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम आणून चेहऱ्याला लावू नका. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमं उसळतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नाही, सावली आणि झबलं-टोपडं. आणि ओढणी, टोपी, छत्री हे आपले जुने सोबती आहेत. त्यांना पुन्हा पुन्हा लावावं लागत नाही.

एक काम सांगते. आज घरातल्या ट्यूबवर, पेनाने, ती उघडल्याची तारीख लिहा. संपेल तेव्हा दिवस मोजा. कुठलं सनस्क्रीन चांगलं, याच्या आधी तुम्ही ते लावताय का, याचं उत्तर तिथे मिळेल.