दाते पोलादाचे, रणगाडा खेळण्यातला

दिवाळीत आणलेल्या खेळण्याचे आयुष्य किती, असे घरोघर विचारले तर बहुतेक आया 'भाऊबीजेपर्यंत' असेच उत्तर देतील! त्यानंतर ते काही दिवस कपाटाखाली, काही महिने माळ्यावर आणि शेवटी भंगारवाल्याच्या पोत्यात असा प्रवास करते. वास्तविक अशा खेळण्यांचा एखादाच अवयव दुखावलेला असतो. तो कोणता, हे पाहायची सवड मात्र कोणापाशी नसते.

माझ्यापाशी ती आहे. छत्तीस वर्षे कारखान्यात लेथ आणि मिलिंग मशीन यांच्या सहवासात काढून मी निवृत्त झालो आहे. त्यामुळे यंदा गणपतीत नातवाचा रणगाडा बंद पडला, तो साहजिकच माझ्या टेबलावर आला.

हा रणगाडा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन 'पँथर'ची रेडिओवर चालणारी प्रतिकृती, मुळाच्या एक-सोळांश आकाराची. खरा पँथर तोफेच्या नळीसकट ८.६६ मीटर लांब. आमचा ५४ सेंटिमीटर. माझा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे, वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने हा आणला, आणि तेव्हापासून बापलेकांच्या बोलण्याचा तो कायमचा विषय होऊन बसला. जहाज बंदराला लागले की फोनवर पहिली चौकशी रणगाड्याची! यंदा दिवाळीत किल्ला करायचा आणि रणगाडा थेट बालेकिल्ल्यापर्यंत चढवायचा, असा दोघांचा बेत ठरला होता. "महाराजांच्या किल्ल्यावर जर्मन रणगाडा कशाला?" अशी रास्त हरकत आमच्या सौभाग्यवतींनी घेतली, पण "तो मावळ्यांनी जिंकून आणलाय, आजी" असा खुलासा झाल्यावर ती मागे घेण्यात आली.

आणि ऐन वेळी उजवा पट्टा थांबला. आतून कर्रर्र आवाज येई, मोटर फिरे, पट्टा मात्र हलत नसे. "जाऊ दे, येताना नवा आणतो," मुलगा फोनवर म्हणाला. फोन खाली ठेवून नातू हळूच मला म्हणाला, "आजोबा, नवा नको. हाच चालायला पाहिजे."

अशा रणगाड्याच्या पोटात दोन मोटरी आणि दोन स्वतंत्र गिअरबॉक्स असतात, डाव्या पट्ट्याला एक आणि उजव्याला एक. एक बाजू हळू केली की गाडी त्या बाजूला वळते; दोन्ही उलटसुलट फिरवल्या की जागच्या जागी गिरकी घेते. तळाचे स्क्रू काढून वरचे कवच उचलले, तेव्हा उजव्या गिअरबॉक्समधील एका प्लॅस्टिकच्या चाकाचे पाच दाते झडलेले दिसले. पण खरे दुखणे त्याच्या मागे होते. गिअरचा आस ज्या भोकात फिरतो, ते प्लॅस्टिकचे भोक झिजून लंबगोल झाले होते. त्यामुळे चाके एकमेकांपासून सरकत आणि दात्यांची नुसती टोकेच एकमेकांत अडकत. चढावर भार आला की टोके तुटणारच! नुसते चाक बदलून भागले नसते. पेटीच बदलायला हवी होती.

मौज अशी की, खऱ्या पँथरचे दुखणेही याच जातीचे होते. मूळ कल्पना सुमारे ३० टनांच्या रणगाड्याची. प्रत्यक्षात तो झाला जवळजवळ ४५ टनांचा. इंजिन मागे, ७०० अश्वशक्तीचे, गिअरबॉक्स पुढे. पट्ट्याचे दातेरी चाक फिरवणारी शेवटची गिअरची जोडी मात्र या वजनाला पुरी पडेना. युद्धकाळात गिअर कापण्याची यंत्रे आणि उत्तम पोलाद यांची चणचण होती, म्हणून अधिक भक्कम रचना सोडून साध्या सरळ दात्यांवर भागवावे लागले. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत पँथर प्रथमच मोठ्या संख्येने उतरले, आणि त्यांतले पुष्कळसे यांत्रिक बिघाडानेच अडकून पडले. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने काही पँथर वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात या शेवटच्या गिअरचे सरासरी आयुष्य अवघे १५० किलोमीटर दिले आहे. म्हणजे पुण्याहून निघालेला पँथर मुंबईच्या वेशीपर्यंत जेमतेम पोचायचा! हे ऐकून नातवाचा चेहरा उजळला. "म्हणजे आपला अगदी खऱ्यासारखाच मोडलाय!"

अशा रणगाड्यांसाठी पोलादी दात्यांचे, धातूच्या पेटीतले, बॉल बेअरिंग बसवलेले गिअरबॉक्स जोडीने मिळतात. त्यांत काही वेगाचे असतात, काही जोराचे. नातवाला अर्थातच वेगाचे हवे होते. मी कागद-पेन्सिल पुढे केली.

समजा, मोटरवरील पिनियनला १० दाते आहेत आणि त्याला लागलेल्या चाकाला ४०. मोटर चार फेरे घेईल तेव्हा चाक एक फेरा घेईल, पण चौपट जोराने. अशा तीन जोड्या एकापुढे एक लावल्या की ४ × ४ × ४, म्हणजे ६४. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल, तर पट्ट्याचे चाक सुमारे २३४ घेईल. जोर मात्र, घर्षणात जाईल तेवढा वजा जाता, चौसष्टपट! वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, असा हा रोखठोक व्यवहार आहे. सायकलवरून घाट चढणाऱ्याला तो पायांनीच कळतो.

मग रणगाडा धडधाकट असताना बापाला पाठवलेली चित्रफीत नातवाने काढली आणि फरशा मोजल्या. दहा फूट, तीन सेकंद. ताशी साडेतीन किलोमीटरांहून किंचित जास्त. सोळाने गुणले तर ५८! खऱ्या पँथरची सपाट रस्त्यावरची धाव फार तर ५५. "इतका तर खराही पळत नव्हता," असे म्हणून त्याने आपण होऊन जोराची जोडी निवडली.

ज्यांच्या घरी असा रणगाडा असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. नवी जोडी मागवण्यापूर्वी जुन्या आसाची लांबी आणि स्क्रूच्या भोकांमधील अंतर मोजून घ्यावे. प्रत्येक रणगाड्याचा आस वेगळा असतो. वायरी काढण्याआधी डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या लावाव्यात. पिनियन बसवताना दात्यांमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून मोटर आवळावी आणि मग कागद काढून घ्यावा. तेवढी फट राहिली की दाते घासतही नाहीत आणि सुटतही नाहीत. दात्यांना ग्रीस बोटाने हलकेच लावावे. शेवटी गाडी लाकडी ठोकळ्यावर अधांतरी ठेवून दोन्ही बाजू मंद गतीने पंधरा मिनिटे पुढे आणि पंधरा मिनिटे मागे फिरवाव्यात. घरघर हळूहळू मऊ होत गेली, तर सारे ठीक आहे असे समजावे.

पण काम येथे संपत नाही. पोलादी दाते झडत नाहीत, मग पट्ट्यात खडा अडकला तर तो जोर जाणार कोठे? पूर्वी प्लॅस्टिकचा दाता बळी जाई आणि मोटर वाचे. आता मोटरच जागच्या जागी थांबते, आणि थांबलेली मोटर भरमसाट वीज खेचून स्वतः जळते किंवा सर्किट जाळते. म्हणून मी बॅटरीच्या वायरीत एक फ्यूज घातला. तिसऱ्या दिवशी पट्टा फिरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चाकाला चीर गेली, तेव्हा तेही धातूचे आणले आणि पट्टे थोडे सैल ठेवले. यंत्रातली कमजोरी अशी पुढे सरकत असते. कारखान्यातही आम्हाला हेच दिसे: एक सुटा भाग मजबूत केला की ताण शेजाऱ्यावर जातो. जाणता कारागीर शेवटी एक भाग मुद्दाम नाजूक ठेवतो, जो स्वस्त असेल आणि चटकन बदलता येईल. आमच्या रणगाड्यात तो मान आता फ्यूजला मिळाला आहे.

चाचणीसाठी चार फुटी फळीवर गोणपाट ताणून बसवले, किल्ल्यावर असते तसेच. पूर्वी फळीचे एक टोक फूटभर उचलले तरी रणगाडा कण्हू लागे. या खेपेस दोन फूट उचलले. तो सावकाश, एका लयीत, न थांबता वर गेला. दहा फुटांना आता पाच सेकंद लागतात, म्हणजे सोळापटीने ताशी ३५ किलोमीटर. नातवाची त्याबद्दल काही तक्रार नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर आमच्या अंगणात किल्ल्याची माती येऊन पडलेली असेल. मुलाचे जहाज वेळेवर लागले, तर तो धनत्रयोदशीला घरी पोचेल. परवा त्याने फोनवर पुन्हा विचारले, "मग नवा कोणता आणू?" नातवाने ठणकावून सांगितले, "नवा आणू नकोस. तू लवकर ये."