पेठ राखायची म्हणजे उतार राखायचा

रायगडाच्या माथ्यावर होळीच्या माळापासून जगदीश्वराच्या दिशेने निघाले की घडीव दगडी जोत्यांच्या दोन सरळ ओळी समोरासमोर लागतात. त्यांच्या मधून सुमारे 40 फूट रुंदीचा रस्ता जातो. हीच गडावरची पेठ. घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, असे इथे येणाऱ्याला हमखास सांगितले जाते. ही दुकाने नव्हतीच, कारभाऱ्यांची बिऱ्हाडे किंवा कचेऱ्या असाव्यात, असे मानणारे अभ्यासकही आहेत. वाद रंगतदार आहे, पण त्याच्या नादात एक साधा प्रश्न मागे पडतो. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आगी लागल्या, छपरे आणि लाकूडकाम गेले, आणि तेव्हापासून दोनशे वर्षे वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस या उघड्या जोत्यांवर कोसळतो आहे. तरी रस्त्याची रेघ शाबूत आहे. ती टिकली कशामुळे? या लेखाचे म्हणणे असे, की सह्याद्रीतला जुना रस्ता ही मुळात पाण्याला वाट करून देणारी व्यवस्था असते. ती व्यवस्था सांभाळली तर दगड टिकतात. ती मोडून नुसते दगड नवे बसवले तर काही वर्षांत व्यवस्थाही जाते आणि दगडही.

1656 मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलेली रायरी, म्हणजेच रायगड, 6 जून 1674 च्या राज्याभिषेकापर्यंत राजधानीचे शहर झाली. बांधकामाची धुरा हिरोजी इंदुलकरांकडे होती, आणि जगदीश्वराच्या मंदिराजवळच्या त्यांच्या शिलालेखात वाड्यांबरोबर विहिरी-तळ्यांचाही उल्लेख आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीच्या, चहूबाजूंनी तुटलेल्या डोंगरावर वस्ती करायची, तर चार महिने पडणारे पाणी उरलेले आठ महिने पुरवायचे आणि जास्तीचे पाणी घरांना न लागता कड्यावरून खाली सोडायचे, हे दोन्ही एकदम साधावे लागते. गंगासागर आणि कुशावर्त तलाव पहिले काम करत. उतार, मोऱ्या आणि जोती दुसरे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराचे जोते पाहावे: ते उंच असते, कारण अंगणातले पाणी आणि पागोळ्यांचा मारा भिंतीला लागू द्यायचा नसतो. पेठेची जोती उंच असण्याला घोडेस्वारापेक्षा हे कारण अधिक पटते. मधला रस्ता मोकळा आणि रुंद, दोन्ही बाजूंना दगडी काठ, आणि पाण्याला पुढे सरकायला उतार. असा रस्ता पावसात वाहतो, पण त्याच्या कडेचे घर कोरडे राहते.

ही व्यवस्था बिघडली की काय होते, याचा अंदाज 7 जुलै 2024 रोजी आला. गडावर अचानक मुसळधार पाऊस झाला आणि पायरी मार्गावरून धबधब्यासारखे लोट उसळले. पर्यटक कठड्यांना धरून अडकून पडले आणि नंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला. तितका पाऊस कोणत्याही वाटेला जडच गेला असता, हे मान्य. पण डोंगरावरच्या पाण्याचा स्वभाव ठरलेला आहे. बाजूचे ओघळ मातीने, पाल्याने किंवा प्लॅस्टिकने तुंबले की ते सर्वांत सोपा उतार धरते, आणि डोंगरात माणसाने केलेली पायवाट हाच सर्वांत सोपा उतार असतो. एकदा पाणी पायऱ्यांवर आले की ते सांध्यांतला भराव धुऊन नेते, मग दगड हलतो, आणि हललेल्या दगडाखाली पुढच्या पावसात खड्डा पडतो. म्हणून पायऱ्या दुरुस्त करण्याआधी पायऱ्यांच्या वरचे आणि कडेचे ओघळ साफ करणे, हा देखभालीचा पहिला नियम ठरतो. ते काम मे महिन्यात, खोऱ्या-घमेल्याने होते. त्यासाठी ना निविदेचा गाजावाजा लागतो, ना उद्घाटनाची फीत.

दुसरा नियम सांध्यांचा. जुन्या बांधकामात दगडांच्या दरजा चुन्याने भरलेल्या असतात. घाण्यात मळलेला चुना सावकाश घट्ट होतो, थोडा हलतो, ओल बाहेर सोडतो आणि झिजला तर स्वतः झिजतो, दगड वाचतो. सिमेंट पटकन आणि कडक धरते, पण ओल कोंडते. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात किंवा विटेत ही कोंडलेली ओल दगडाचीच कड फोडते. रायगडाचा काळा पाषाण टणक असल्याने तो इतक्या सहज फुटत नाही, पण तिथे दुसरी अडचण येते. सिमेंट दगडापासून सुटते, त्या बारीक फटीतून पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला जागा उरत नाही. शिवाय पुढे कधी तो सांधा उकलायचा म्हटले तर दगडाचा टवका गेल्याशिवाय सिमेंट निघत नाही. झाडोऱ्याचेही तसेच. जोत्यात रुजलेला पिंपळ किंवा उंबर नुसता वरून छाटला की मुळे अधिक जोमाने फोफावतात. ते रोपटे बोटभर असतानाच मुळासकट काढावे लागते. उलट रस्त्यातले गवत उपटून काढले तर माती मोकळी होते, म्हणून ते कापलेलेच बरे. या सगळ्या बारकाव्यांत एक गोष्ट समान आहे: काम लहान आहे, पण ते दरवर्षी आणि वेळेवर व्हावे लागते.

आपल्या संस्थांची घडण नेमकी इथे अडखळते. रायगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. 2014 च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणाने पारंपरिक साहित्य, पारंपरिक कारागीर आणि नियमित देखभाल यांचा स्पष्ट पुरस्कार केला आहे. 2017 मध्ये रायगड विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि गड व परिसरासाठी 600 कोटींहून अधिक रुपयांचा आराखडा आला. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या काळात मोलाची कामे झाली. हत्ती तलावाची गळती काढण्यात आली आणि वर्षानुवर्षे रिकामा पडणारा तलाव पुन्हा पाणी धरू लागला. पाण्याची जुनी रचना नीट दुरुस्त केली तर ती आजही चालते, याचा हा उत्तम पुरावा. तरीही आराखडा म्हटला की त्याला आरंभ असतो आणि शेवट असतो. देखभालीला शेवट नसतो. 2021 मध्ये उत्खननात सोन्याची बांगडी सापडली तेव्हा ती राज्यभर बातमी झाली. साफ केलेली मोरी कधी बातमी होत नाही. गडाखालच्या महाडलाच ऑगस्ट 2016 मध्ये सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या गाड्यांतली माणसे गेली. नवा पूल जून 2017 मध्ये खुलाही झाला. नवे उभारायला पैसा आणि वेग दोन्ही मिळतात. जुन्याची पाहणी करायला मात्र कुणी दारी बसलेले नसते.

यावर पहिला आक्षेप भावनेचा आणि म्हणून वजनाचा आहे. पडकी जोती राखत बसण्यापेक्षा पेठ होती तशी पुन्हा उभी का करू नये? राजधानीचे वैभव लोकांना दिसू द्या. यातली आच खरी आहे, पण ‘होती तशी’ या शब्दांशी गाडी अडते. या इमारतींचे नकाशे उपलब्ध नाहीत. छपराचा उतार, खांबांची ठेवण, दर्शनी भाग कसा होता हे ठाऊक नाही. ती दुकाने होती की बिऱ्हाडे, यावरच एकमत नाही. आणि या वादाचा निकाल देणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ती जोती आणि त्यांच्याखालची माती. त्यावर नवी पेठ उभारणे म्हणजे साक्ष पुरी होण्याआधी साक्षीदाराला गप्प करणे होय. पूर्ण पेठेचे कल्पनाचित्र गडाखालच्या पाचाडला दालनात दाखवता येईल, प्रतिकृती करता येईल, आणि नवा पुरावा हाती आला की ती बदलताही येईल. दगडात बांधलेली चूक तशी बदलत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. 6 जूनला आणि सुट्ट्यांच्या दिवसांत लोटणारी गर्दी, 1996 पासून रोपवेने काही मिनिटांत वर येणारी माणसे, त्यांत म्हातारी-कोतारी. त्यांच्यासाठी काँक्रीटची सपाट वाट अधिक सुरक्षित नाही का? घसरण्याचे कारण शेवाळ आणि साचलेले पाणी हे आहे; गुळगुळीत काँक्रीटवर शेवाळ धरले की ते टाकीच्या घावांनी खरबरीत केलेल्या दगडाहून अधिक निसरडे होते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माथेरानने हाच तिढा अनुभवला आहे. तिथे तांबड्या मातीच्या रस्त्यांची धूप थांबवायला भाजलेल्या मातीचे ब्लॉक बसवले गेले, त्यावर घोडे घसरतात अशी तक्रार अश्वपालांनी केली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. धूपही खरी होती आणि तक्रारही. त्यातून घ्यायचे ते इतकेच, की वरचा थर निवडण्याआधी खालचा उतार, पाण्याची दिशा आणि चालणाऱ्याचे पाऊल पाहावे लागते. हॉलंडमध्ये आजही निवासी गल्ल्या भाजक्या विटांच्या असतात, त्या वाळूवर बसवलेल्या असतात. खाली नळ टाकायचा तर विटा उचलतात, काम करतात, त्याच विटा परत मांडतात. उकलता येणे हा रस्त्याचा गुण आहे, ही जाणीव तिथल्या रोजच्या कामात मुरलेली आहे.

हाच विचार गडाखाली आणला तर तो महाड-पोलादपूरच्या वस्त्यांना लागू पडतो. जुलै 2005 आणि जुलै 2021 मध्ये महाडच्या बाजारपेठेत सावित्री आणि गांधारीचे पाणी शिरले. दगडी फरशी घातली असती तर पूर आला नसता, असे म्हणणे खुळेपणाचे ठरेल. नदीच्या पुराचा हिशेब वेगळा आहे. पण पूर ओसरल्यावर राहणारा गाळ आणि एरवीच्या पावसाचे पाणी हे गल्लीचेच प्रश्न आहेत. जुना थर न काढता त्यावर नवा थर चढवत गेले की रस्ता वर येतो आणि शेजारची जोती खाली जातात. मग साध्या पावसातही पाणी उंबरा ओलांडते. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरच्या वाड्यांत दगडी पाखाडीवर काँक्रीट ओतले की चालणे सोपे होते, पण पूर्वी दगडांच्या फटींतून मुरणारे पाणी आता एकाच धारेने खालच्या घरावर जाते. ज्या तालुक्यांनी 2021 मध्ये तळीये आणि केवनाळेच्या दरडी पाहिल्या, तिथे डोंगरावरचे पाणी कुठून कुठे जाते हा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा उरत नाही.

शेवटचा आक्षेप कारागिरांचा: चुना मळणारे आणि दगड घडवणारे हात आता आहेत कुठे? कमी आहेत, हे खरे. पण वर्षातून पंधरा दिवसांचे काम मिळणार असेल तर ते राहतीलच कशाला? या दोन तालुक्यांतली तरणी माणसे मुंबई-पुण्याला जातात, कारण इथले काम प्रकल्पाबरोबर येते आणि प्रकल्पाबरोबर संपते. पाचाड आणि हिरकणीवाडीच्या माणसांची कायमस्वरूपी देखभाल तुकडी असावी, तिने मे महिन्यात ओघळ आणि मोऱ्या, पावसात पाण्याच्या वाटांची नोंद आणि दिवाळीनंतर दरजा असे वर्षाचे चक्र पाळावे, आणि आराखड्यातल्या निधीचा ठरावीक वाटा या कामासाठी बांधून ठेवावा. तुकडीची नोंदवही सार्वजनिक असावी: कोणता सांधा कधी भरला, कोणत्या पायरीवर पाणी साचले, कोणते रोपटे काढले. गडासाठी किती कोटी मंजूर झाले हे आपण नेहमी विचारतो. यापुढे ही नोंदवहीही मागून पाहावी. ज्या वर्षी तिची पाने कोरी राहतील, त्या वर्षी पैसा कितीही खर्च झाला असला तरी पेठ राखली गेली असे म्हणता येणार नाही.