‘एचआर कळवेल’ म्हणाले, पण मेलच नाही! फायनान्समधील मुलाखतीनंतर काय कराल?

मुलाखत चांगली झाली, पगाराचा आकडाही विचारून झाला. आता दोन आठवडे उलटले, तरी मेल नाही. बँका आणि एनबीएफसीमध्ये अर्ज करणाऱ्या अनेकांचा हा अनुभव.

याचा अर्थ नकारच, असे नाही. मॅनेजरने होकार दिला तरी पदाची मंजुरी आणि पगार वेगळ्या टेबलांवर ठरतो. मार्चअखेरीस किंवा तिमाही निकालांच्या वेळी तर ही टेबले हिशेबातच बुडालेली असतात. आणखी एक कारण एचआर सहसा सांगत नाही: पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला ‘होल्ड’वर ठेवले जाते.

मुलाखत संपतानाच निर्णय कधी होईल, हे विचारून घ्या. ती तारीख उलटली, की दोन दिवसांनी चार ओळींचा मेल करा. रोज फोन नको. दुसरी ऑफर हातात असेल, तर तिची मुदत कळवा. गप्प बसलेला एचआर बहुतेकदा त्यानेच हलतो. नसलेली ऑफर मात्र सांगू नका.

पैशांच्या व्यवहाराशी संबंधित पदांसाठी काही ठिकाणी क्रेडिट रिपोर्टही तपासतात. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चुकून थकीत दिसत असेल, तर आत्ताच तक्रार नोंदवा.

‘तुमचे झाले समजा’ या तोंडी निरोपावर राजीनामा देऊ नका. ऑफर लेटर हातात येऊ द्या. त्यासाठी कोणी डिपॉझिट मागितले, तर एक रुपयाही भरू नका.