फलक हिरवाच होता

आमच्या लहानशा प्रकाशनाचे हिशेब आणि पुस्तकांच्या फायली भाड्याच्या क्लाउडवर आहेत. म्हणून अ‍ॅमेझॉनचा एक अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचतो.

२८ फेब्रुवारी २०१७. उत्तर व्हर्जिनियात ‘एस-थ्री’ या साठवण सेवेची बिलिंग यंत्रणा रेंगाळत होती. दुरुस्ती करणाऱ्याने थोडे सर्व्हर काढायची आज्ञा दिली. तीत चूक झाली आणि बरेच जास्त सर्व्हर गेले. कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारी सूची त्यांच्यावरच अवलंबून होती. फायली शाबूत, पण सापडेनात! ही सूचीव्यवस्था कित्येक वर्षांत पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलेलीच नव्हती. दरम्यान ती अवाढव्य झालेली. सगळे सुरळीत व्हायला चार तासांवर गेले.

मला खटकले ते वेगळेच. सेवेची प्रकृती दाखवणारा फलकही एस-थ्रीवरच विसंबून होता. त्यामुळे पहिले दोन तास तो बदलताच येईना. कंपनीला ट्विटरवरून निरोप द्यावे लागले. नंतर फलकाचा कारभार अनेक प्रदेशांत विभागला आणि सर्व्हर किमान संख्येखाली जाऊ नयेत अशी अटकाव-व्यवस्था केली.

आमच्या सेवादाराला मी विचारले, बॅकअप कुठे आहे? “त्याच इमारतीत.” आता तो दुसऱ्या शहरात आहे, आणि दर महिन्याला त्यातली एखादी फाइल मी उघडून पाहतो.