नाशिकची शहर वाहतूक : एका प्रवाशामागील हिशेब

सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींतील कामगार, नाशिकरोडला रेल्वेने उतरणारे प्रवासी आणि विद्यार्थी यांची नाशिक शहरात रोज मोठी ये-जा असते. या प्रवासात जळणाऱ्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो वातावरणात साठून पृथ्वीचे तापमान वाढवितो. कोणत्या वाहनाचा यात किती वाटा आहे, हे जाणण्यासाठी एका प्रवाशामागील प्रमाण पाहावे लागते.

भरलेली व रिकामी बस

एक लिटर पेट्रोलपासून सुमारे २.३ किलो, तर डिझेलपासून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनातील कार्बनशी हवेतील प्राणवायूचा संयोग होत असल्याने हे वजन इंधनाहून अधिक भरते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार दर किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम वायू सोडते. चौघे बसल्यास प्रत्येकाचा वाटा ३८ ग्रॅमवर येतो. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलीवर एकटा स्वार असल्यास हे प्रमाण ४६ ग्रॅम पडते. डिझेल बस लिटरला ४ किलोमीटर धावते असे धरल्यास ४० प्रवाशांत प्रत्येकी १७ ग्रॅम येतात. मात्र प्रवासी दहाच असतील, तर हा आकडा ६७ वर जातो. पायी व सायकलीने जाणाऱ्यास इंधन लागतच नाही.

सीएनजी व वीज

महानगरपालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. तिच्या ताफ्यात सीएनजी बसगाड्यांचा भरणा मोठा आहे. सीएनजीमुळे काजळी बरीच घटते. तथापि एक किलो सीएनजीतूनही सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. विजेवरील वाहन रस्त्यावर धूर सोडत नाही. परंतु देशातील बरीचशी वीज कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो वायू वीजकेंद्रांत निर्माण होतो. सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल, तसा हा भार उतरेल.

तात्पर्य, इंधन बदलण्याइतकेच बस भरणे महत्त्वाचे होय. बस वेळेवर न आल्यास ज्याला शक्य तो मोटारसायकल घेतो. बस रिकामी धावू लागते व पुढे फेरीच बंद पडते. मग ज्यांच्याकडे वाहन नाही, अशा विद्यार्थ्यांची व वृद्धांची अडचण होते. कारखान्यांच्या पाळ्या, शाळांच्या वेळा आणि लगतच्या गावांची निकड ध्यानी घेऊन वेळापत्रक आखले गेले, तर ही साखळी तुटू शकेल. शाळा व ग्रामपंचायतींनी आपल्या गरजा वेळीच कळविणे, हे त्यातील पहिले पाऊल ठरेल.