आकाशातली जुनी गावे

मंडळी, नावाची किंमत लासलगावकरांना आम्ही सांगायला नको. कांद्याची गाडी लिलावाला लागली की चिठ्ठीवर आधी शेतकऱ्याचे नाव, मग गावाचे नाव. नाव चुकले की हिशेबाच्या वेळी डोक्याला हात. तुमच्यापैकी कितीतरी जण एवढ्याचसाठी या वयात पाटी घेऊन बसले.

मागे एका रात्री वर्ग सुटताना एका बाईंनी विचारले, "गुरुजी, पैसे भरले की आभाळातल्या ताऱ्याला आपल्या पोराचं नाव देतात म्हणे. कागदसुद्धा येतो. खरं का?" त्यांच्या भावकीत कोणी नातवाच्या बारशाला असा कागद आणला होता. चांगला जाड कागद, सोनेरी शिक्का. पाच हजार मोजले होते.

आम्ही म्हटले, बाई, उत्तर मोठे आहे. तेच आज येथे लिहितो.

आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते. तिच्या पलीकडे मंगळ, त्याच्या पलीकडे गुरू. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फार मोठी मोकळी जागा आहे. तिथे एखादा ग्रह असावा, असे जुन्या ज्योतिर्विदांना वाटे. १ जानेवारी १८०१ च्या रात्री इटलीतल्या सिसिली बेटावर पियाझी नावाच्या धर्मगुरूला दुर्बिणीतून तिथे एक ठिपका सरकताना दिसला. त्याने त्याला सेरेस हे नाव दिले. सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी. पण हा गोळा लहान निघाला. रेल्वेने मुंबईहून नागपूरला जेवढे जावे लागते, त्याहून त्याची रुंदी थोडी अधिक, बस. त्याच्यामागून आणखी सापडू लागले, ते त्याहून लहान. सूर्याभोवती फिरणारे हे खडकाचे धोंडेच. आपण त्यांना लघुग्रह म्हणतो. आज तेरा लाखांहून अधिक माहीत आहेत. पण सगळे एकत्र करून वळले तरी आपल्या चंद्राएवढा गोळा व्हायचा नाही.

पहिल्या लघुग्रहांना देवी-देवतांची नावे मिळाली. धोंडे वाढत गेले, आणि नावे शोधणारा माणूस आपल्या गावाकडे वळला. माणसाचा स्वभावच तो.

१८५२ साली सप्टेंबरात नेपल्स शहरात गास्पारिस याला एक लघुग्रह दिसला. दुसऱ्याच रात्री फ्रान्समधल्या मार्से बंदरात शाकोर्नाक यालाही तोच दिसला. एकाला दुसऱ्याची वार्ता नव्हती. शोधाचा मान नेपल्सला गेला, नाव मात्र मार्सेचे लागले, तेही जुने, 'मसालिया'. ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेले हे गाव पुढे रोमन साम्राज्यात गेले.

त्याच साली नोव्हेंबरात पॅरिसमध्ये जी गोष्ट घडली, ती आम्हाला सर्वांत आवडते. हेर्मान गोल्डश्मिट हा पेशाने चित्रकार. चित्रे रंगवून पोट भरणारा. त्याने एक लहानशी दुर्बीण विकत घेतली आणि घराच्या सज्जात बसून तो रात्री आकाश न्याहाळू लागला. ना वेधशाळा, ना सरकारी पगार. १५ नोव्हेंबरला त्याला एक नवा लघुग्रह सापडला. पुढे त्याने आणखी तेरा शोधले! या पहिल्याला नाव दिले 'लुटेशिया'. रोमन अमलात पॅरिसच्या जागी जे गाव होते, त्याचे हे नाव. १८७४ साली तुलूझ शहरात पेरोतँ याने एक शोधला, त्याला तुलूझचे रोमन काळचे नाव मिळाले, 'टोलोसा'. खुद्द रोमच्या नावाचा लघुग्रह व्हायला १९०१ साल उजाडले. त्याचा अनुक्रमांक ४७२.

लुटेशियाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. युरोपातल्या देशांनी मिळून एका धूमकेतूकडे 'रोझेटा' नावाचे यान पाठवले होते. वाटेत १० जुलै २०१० रोजी ते लुटेशियाजवळून गेले. जवळून म्हणजे तीन हजार किलोमीटरांवरून. फोटो आले. शंभरेक किलोमीटर रुंदीचा ओबडधोबड खडक, अंगभर खळगे. खळग्यांना नावे कोणती द्यायची? खडकाला जुन्या रोमन गावाचे नाव, तर खळग्यांना रोमन काळातल्या इतर गावांची. आणि तिथल्या प्रदेशांना रोमन प्रांतांची. सर्वांत मोठ्या खळग्याचे नाव 'मस्सिलिया', म्हणजे पुन्हा मार्सेच! तो पन्नास किलोमीटरांहून रुंद आहे. येथून नाशिकला जाऊन यावे, तर अर्धी वाट त्यातच संपेल.

तुम्ही म्हणाल, या परक्या गावांचे आपल्याला काय? तसे नाही. त्याच काळात आपल्या पैठणचा आणि तेरचा माल बैलगाड्यांतून भडोच बंदरावर जाई आणि तिथून जहाजाने रोमन मुलुखात. एका ग्रीक व्यापाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडात त्यांच्या समुद्रदेवाची काशाची मूर्ती उकरून निघाली आहे.

आकाशातही आपला संबंध आहे. १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन हा इंग्रज अधिकारी आला. त्याच वर्षी एप्रिलात त्याला एक लघुग्रह सापडला. आपल्या खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून त्याचे नाव 'आशिया'. आपण लासलगावकर आशियातली मोठी कांदा-बाजारपेठ म्हणून मिरवतो, तोच हा शब्द. १८६६ साली मद्रासहूनच त्याने 'सिल्विया' शोधला. रोमन कथेत सिल्विया ही रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांची आई. ती पोरे कर्णासारखी नदीत सोडलेली, आणि लांडगीच्या दुधावर वाचलेली. पुढे २००१ आणि २००४ साली त्या लघुग्रहाभोवती फिरणारे दोन चिमुकले चंद्र सापडले. त्यांना त्या दोघा भावांची नावे मिळाली, रोम्युलस आणि रेमस. आईला मुले मिळाली, पण सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

लघुग्रह दिसला की आधी त्याला नुसती तात्पुरती खूण मिळते, साल आणि अक्षरे. आपल्या गाडीच्या चिठ्ठीसारखी. त्याची वाट नीट मोजून पक्की झाली की कायमचा अनुक्रमांक. त्यानंतरच नाव. नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, दहा वर्षांपर्यंत. नाव इंग्रजी लिपीत सोळा अक्षरांपेक्षा लांब नको. व्यापारी मालाचे नको. राजकारणी किंवा सेनापती असेल, तर मरून शंभर वर्षे व्हायला हवीत. हा नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. शेवटी जगभरच्या ज्योतिर्विदांच्या संघाची समिती ठरवते. हा संघ १९१९ साली स्थापन झाला. आजवर पंचवीस हजारांच्या आसपास लघुग्रहांनाच नावे मिळाली आहेत.

यात पैसा कुठेही येत नाही. ताऱ्यांचेही तसेच. पैसे घेऊन नाव देणाऱ्याचा कागद त्याच्या स्वतःच्या वहीपुरता खरा. ज्योतिर्विदांच्या वहीत ते नाव नसते. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच हजारांत कांद्याचं बी आलं असतं."

मुंबईत राहिलेले गवई पंडित जसराज यांचे नाव एका लघुग्रहाला २०१९ साली मिळाले. त्यासाठी त्यांनी छदामही भरला नव्हता. त्याचा अनुक्रमांक ३००१२८. त्यांचा जन्म २८ जानेवारी १९३०. तारीख उलट्या क्रमाने लिहा, आकडा तोच येतो.

आपल्या गावांचे काय? मंगळावर आहेत. मंगळावरच्या एका खळग्याला १९७६ साली पुण्याचे नाव दिले. २००७ साली दुसऱ्याला 'लोणार' हे नाव मिळाले. आपले बुलढाण्याचे लोणार सरोवर आकाशातून आदळलेल्या धोंड्यानेच झालेले. ते पावणेदोन किलोमीटरांहून थोडे रुंद, मंगळावरचे सुमारे अकरा किलोमीटर. मंगळावरच्या लहान खळग्यांना एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांची नावे द्यायची, असा संकेत आहे.

हे वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून कोणी बोलले, "मग आपलं गाव बसतं की!" बसते. लोकसंख्या लाखाच्या आत. इंग्रजी लिपीत अक्षरे किती, ते आम्ही फळ्यावर लिहून मोजायला लावले. नऊ भरली.